बाबांचा रविवार

रविवार, १ फेब्रुवारी. डहाणू.

बाबांना जाऊन वर्ष झालं की अजून व्हायचंय, हेच घरात ठरत नाहीये. दादा म्हणतो सोळा तारखेला. चर्चमध्ये बाबांसाठीच्या प्रार्थनेची मिस्साही त्याच दिवसाची सांगून आलाय. आई म्हणते, आज. चर्चच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे ईस्टरच्या आधीचा नववा रविवार आज आहे आणि बाबा गेले त्याच रविवारी; ईस्टर दरवर्षी सरकतो, गेल्या वर्षी तो रविवार सोळाला आला होता. त्या दिवसापासून ईस्टरपर्यंत आलेलुया हे आनंदाचं स्तुतिगीत गायचं नाही, हा जुना नियम बाबांनी शेवटपर्यंत पाळला. चर्चने तो कधीच सोडला. फादर आईला म्हणाले, "मावशी, असा रविवार आता राहिलाच नाही."

सकाळी चर्चमध्ये सगळ्यांनी आलेलुया गायलं. आई ओठ घट्ट मिटून उभी. आणि मी गायले! सवयीने? की दादाची बाजू घ्यायची म्हणून?

दुपारी शेजारची सुमनताई सुके बोंबील घेऊन आली. तिला सांगितलं तर म्हणाली, "मग त्यात काय? आमची पण तिथी तारखेवर थोडीच येते? आईचं बरोबर आहे."

इतकं सोपं. मग मला का पटत नाही? सोळापर्यंत रडायचं नाही, असं मनाशी धरून बसले होते की काय मी?

आत्ता भांडी घासताना सकाळचीच चाल तोंडात आली. वळून बघते तर दारात आई. ओठ तसेच मिटलेले. चाल अर्ध्यावरच राहिली. पुढचं म्हणायला तोंड उघडलं आणि रडूच आलं.

म्हणजे आजच.