वाफेचं तोंड, विजेचं पोट

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (अगदी शब्दशः. कंबर धरल्यामुळे हे पत्र मी जमिनीवर पालथा पडून लिहितो आहे. कारण पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींच्या फोनवरून कळलं की इंजिन ड्रायव्हरकीतून निवृत्त झाल्यापासून तू खिडकीशी खुर्ची टाकून बसतोस आणि दूधवाला किती मिनिटं लेट आला ते वहीत लिहितोस. आठ महिने झाले, फाटकाबाहेर तुझं पाऊल नाही. वहिनींना काळजी वाटते, दूधवाल्याला त्याहून जास्त. आणि हो, वहिनींना सांग, त्यांचा मिक्सर दुरुस्त होतो आहे. एक पार्ट मिळत नाही, एवढंच.

आता मूळ विषय. तू शेवटचा आलास तेव्हा माझं घरगुती इंजिन तुला अर्धवट दाखवलं होतं. हुबेहूब तुझ्या जुन्या इंजिनासारखं, फक्त उंची गुडघ्याएवढी. आत मोटर बसणार हे ऐकून तू चहा अर्धा ठेवून उठलास. "वाफेचं तोंड आणि विजेचं पोट. हे इंजिन नाही, सोंग आहे. यात वाफ दिसेल त्या दिवशी बोलव," म्हणालास आणि गेलास तो गेलासच. दादा, परवा वाफ दिसली.

पण क्रमाने सांगतो. मोटर मिळाली (कुठून ते विचारू नकोस, चांगल्या घरची आहे) आणि आग विझवायच्या जुन्या सिलेंडरचा मी बॉयलर केला होता, त्यात ती अशी बसली की जणू तिथेच जन्मली. तुझ्या इंजिनात दट्ट्या चाकाला ढकलायचा. माझ्यात मोटर चाक फिरवते आणि चाक बिचाऱ्या दट्ट्याला मागे-पुढे फरफटत नेतं. (आमच्या घरी मीही असाच चालतो. पाहणाऱ्याला वाटतं मीच ओढतोय.) मागच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत रूळ टाकले, बटण फिरवलं, आणि इंजिन ढिम्म. चाकं पाव फेरा फिरायची की अडायची. तीन दिवस मी मोटरला शिव्या दिल्या. चौथ्या दिवशी आंघोळ करताना तुझं जुनं बोलणं आठवलं: दोन्ही बाजूंचे दांडे बरोबरीने चालले तर एकदमच अडतात, एक पाव फेरा पुढे असला म्हणजे अडलेल्याला दुसरा सोडवतो. मी दोन्ही बाजू आरशात पाहून बसवल्यासारख्या सारख्या केल्या होत्या. चाळीस वर्षं कपाटांची दारं बसवलेल्या सुताराचा हात, दुसरं काय.

दांडे बदलले. वाफेसाठी धुराड्यात सर्दीवरचं वाफाऱ्याचं यंत्र बसवलं, पाण्यात सवयीने औषधाचे चार थेंबही पडले. पहिला प्रवासी म्हणून शेजारचा कंपाउंडर मागच्या डब्यावर बसला. त्याच्या हातात भरलेला कप होता, कारण तुझी ख्याती मी त्याला ऐकवली होती: गाडी सुटली हे प्रवाशाला खांब मागे जाऊ लागल्यावर कळायचं. आता या मोटरच्या बटणाला उजवीकडे तीन वेग आहेत, आणि डावीकडे वळवलं तर एकदम सगळाच. मी डावीकडे वळवलं. हात सोडला असता तर बटण आपोआप बंद झालं असतं, पण घाबरलेला माणूस हातातलं सोडत नाही. मी ते घट्ट धरून, कमरेत वाकून, इंजिनाबरोबर बोळातून धावलो. कप छताला लागला. तुझी भावजय जेवणाच्या टेबलाशी भाजी निवडत होती. तिने फक्त पाय वर घेतले आणि विचारलं, "ही इथे थांबते, का पुढची आहे?" पुढचीच होती. टेबलाखालून निघून फ्रिजपाशी वायर भिंतीतून निसटली तेव्हा कुठे आम्ही थांबलो. कंपाउंडर टेबलाखाली राहिला होता. तिथूनच म्हणाला, "नाक मोकळं झालं."

पण वाफ होती, दादा. बोळभर होती.

तुझा धाकटा,
कंबर सरळ होण्याच्या प्रतीक्षेत

ता. क. – इंजिनात दोष नाही, ड्रायव्हरमध्ये आहे. असला हात मला या जन्मी यायचा नाही. ड्रायव्हरची बैठक मी अठरा इंच रुंद केली आहे. मी बसलो तर दोन्ही बाजूंनी वारा जातो. ती कुणाच्या मापाची आहे ते तुला कळेल. रविवारी ये.

ता. क. २ – वहिनींना आणू नकोस. मोटरचा आवाज त्या पहिल्या घरघरीला ओळखतील.

ता. क. ३ – भाऊजी, पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. जाऊबाईंचा मिक्सर कधीच बिघडला नव्हता. यांनी तो लावून बघितलाही नाही, सरळ उघडला. इंजिनाला कसली मोटर लागते हे जाऊबाईंनीच मला विचारून घेतलं होतं. तुम्हाला खुर्चीतून उठवायला त्यांना दुसरा उपाय सुचेना. चार महिने त्या खलबत्त्यात कुटताहेत. रविवारी दोघंही या. नाही आलात तर सोमवारपासून कुटणं तुमच्याकडे, असं त्यांनी कळवलं आहे. दुधासाठी थांबावं लागेल, ही सबब चालणार नाही. दूधवाल्याशी त्यांचं बोलणं झालंय, रविवारी तो वेळेवर येतोय.