बाटली बरोबर आहे

३ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राचा शेवट आधी वाचायची तुझी सवय मला ठाऊक आहे, म्हणून शेवट वर घेते. झालं ते असं:

१. गेल्या जूनमध्ये तू आमच्या कारखान्याच्या रंगखोलीत आलीस. मासिकातल्या तुझ्या सदरासाठी ते स्वस्त लिक्विड फाउंडेशन आपण तपासलं. तुझ्या जबड्याच्या कडेला मी रंग मोजायच्या यंत्राने तीनदा मोजलं. शेड १२० जुळली.
२. नोव्हेंबरमध्ये तू कळवलंस की १२० पांढरट दिसते, पीठ फासल्यासारखी. मी एक पायरी गडद, १३० पाठवली. जुळली.
३. जानेवारीत १३० पांढरट. मी १४० पाठवली. जुळली.
४. गेल्या आठवड्यात १४० सुद्धा पांढरट. तू तिन्ही बाटल्या परत पाठवल्यास आणि लिहिलंस की कंपनी गुपचूप माल बदलते आहे, तसं तू पुढच्या अंकात छापणार आहेस.
५. काल मी तिन्ही बाटल्यांतला थेंब काचेवर ओढून, सुकवून मोजला. दुकानातून त्याच शेडच्या नव्या बाटल्या आणून त्याही मोजल्या. फरक डोळ्याला कळणार नाही इतका आहे.
६. हे फाउंडेशन हवा लागली की अर्ध्या तासात किंचित गडद होतं. फिकट होत नाही.
७. म्हणजे बाटली बरोबर आहे. बदलला आहे तो तुझा चेहरा.

जुलैत तू कौतुक छापलंस म्हणून कितीतरी बायकांनी ही बाटली घेतली. त्यांच्यापैकी एकीचीही तक्रार आली नाही, हे तूच लिहिलं आहेस. कंपनीने माल बदलला असता तर तो सगळ्यांचा बदलला असता.

मी डॉक्टर नाही. मी गाड्यांचे रंग जुळवते. पण दाराचा पत्रा नऊ महिन्यांत एवढा गडद झाला तर आम्ही रंगाला दोष देत नाही, पत्रा उघडून बघतो. तू डॉक्टरकडे जा. मजकूर छपाईला वीस तारखेला जातो ना, तोवर ते वाक्य छापायला देऊ नकोस.

फोनवर तू हसतेस आणि विषय आईच्या गुडघ्यांवर नेतेस. कागदाला हसून पळता येत नाही, म्हणून लिहिलं. भाऊजींना नमस्कार. दहा तारखेच्या आत उत्तर दे.

लोभ आहेच, तो मोजायला लावू नकोस.

तुझी,
धाकटी


७ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा.

एक ते सात! बहिणीला पत्र लिहितेस की रंगाच्या डब्याला चिठ्ठी चिकटवतेस? तुझे भाऊजी म्हणाले की घड्याळाची पावतीसुद्धा ते याहून प्रेमाने लिहितात.

अगं, उन्हाने रापले, दुसरं काय. बसथांब्याचं छप्पर पाडून सहा महिने झाले, नवीन घालायचं कुणी नाव काढत नाही. त्यात माझं वय आता तुझ्यासारखं नाही. तुला न्हाऊ घालून शाळेत पाठवणारी बाई आहे मी, हे विसरू नकोस. एक मात्र चांगलं झालंय, वजन उतरलं. ऑफिसातल्या सगळ्याजणी विचारतात की काय करतेस. मी म्हणते, मुद्रितं तपासते आणि संध्याकाळी मेल्यासारखी पडते. खुर्चीतून पटकन उठलं की डोळ्यांपुढे जरा काळोख येतो, तेव्हा टेबलाला धरते आणि विचार करतेय असं दाखवते. संपादकांना वाटतं बाई फार गंभीर झाली.

सासूबाईंची नवी तक्रार अशी की मी भाजी खारट करते. मला तर अळणीच लागते. काल बोलता बोलता डबीतलं मीठ तळहातावर घेऊन चाटत होते, त्यांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. तळहातावरून आठवलं, आमच्या छापखान्याची शाई भलतीच चिवट निघाली. हाताच्या रेघांत बसलीय ती साबणाने जात नाही.

डॉक्टरचं म्हणशील तर एकदा जाऊन आलेय. सप्टेंबरात थकवा फार यायचा म्हणून गेले. रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं, आणि मनाला आराम द्या, असा सल्ला मिळाला. त्यानंतर आठवडाभर घरातले माझ्याकडे नाटकी बाईकडे बघावं तसे बघत होते, ती नजर मला कळते. पुन्हा तो तमाशा नको. आईला तर यातलं अक्षर सांगू नकोस, ती रात्रंदिवस जप करत बसेल.

ते वाक्य मी छापणार. माझ्या नावावर बायका बाटल्या घेतात. माझ्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मी लिहिणार, तुझ्या काचेवरचं नाही.

रागावू नकोस. माया आहे तशीच राहू दे, हल्ली तेवढी एकच गोष्ट मला जड होत नाही.

तुझी,
ताई


११ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. तू विनोद म्हणून लिहिलेल्या गोष्टींखाली मी पेन्सिलने रेघा ओढल्या. सहा निघाल्या: वजन, थकवा, उठल्यावर अंधारी, मीठ, तळहात, रंग.

ऊन तळहातावर पडत नाही, ताई. आणि तुमच्या छापखान्याची शाई मला माहीत आहे. जूनमध्ये तू हात रंगवूनच आली होतीस आणि आमच्या मोरीवर साध्या साबणाने दोन मिनिटांत ते निघाले होते.

एवढं कर. सकाळी दहा वाजता, बाहेरच्या खोलीतल्या खिडकीपाशी, दिवा न लावता, हातात आरसा घे. खालचा ओठ ओढून हिरड्या बघ. मग कोपरं बघ, आणि दोन वर्षांपूर्वी इस्त्रीचा चटका बसला होता ती मनगटावरची खूण बघ. यातलं काही पूर्वीपेक्षा काळपट दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आणि सोबतचा कागद त्यांच्या हातात दे. त्यावर तारखा, शेड आणि या सहा गोष्टी लिहिल्या आहेत. निदान लिहिलेलं नाही, ते माझं काम नाही. तुला बोलायला लागू नये म्हणून लिहिला. कागदाला कुणी नाटकी म्हणत नाही.

आता माझी चूक. नोव्हेंबरमध्ये १२० पांढरट दिसते असं तू कळवलंस तेव्हा मी विचारायला हवं होतं की जूनमध्ये तंतोतंत जुळलेली शेड आता का जुळत नाही. आमच्याकडे गिऱ्हाइकाचा डबा परत आला की पहिला प्रश्न हाच असतो. तुला मी तो विचारला नाही, पुढची शेड पाठवली. जानेवारीत पुन्हा तेच. तू १२० च लावत राहिली असतीस तर चेहरा एका रंगाचा आणि मान दुसऱ्या रंगाची दिसली असती. भाऊजींना दिसलं असतं, सासूबाईंना दिसलं असतं. मी इतकं नीट जुळवून दिलं की कुणाला काही दिसलं नाही.

ते वाक्य छाप किंवा नको छापू. मला आता त्याचं काही नाही. सोळा तारखेच्या आत डॉक्टरकडे जाऊन ये आणि मला कळव.

माझ्यावरचा लोभ थोडा कमी झाला तरी चालेल, पण जा.

तुझी,
धाकटी


१८ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तुझ्या ताईला दवाखान्यात ठेवल्याचं तेवढं सांगितलं आणि फोन ठेवून दिला. तू निघालीच असशील. हे पत्र तुझ्या आधी पोचतं की मागून, माहीत नाही, पण कुणाला तरी सगळं क्रमाने सांगितल्याशिवाय मला चैन नाही.

चौदा तारखेला तिचं पोट बिघडलं. आम्ही म्हटलं बाहेरचं काहीतरी खाण्यात आलं असेल. दुसऱ्या दिवशीही उलट्या थांबल्या नाहीत. सोळाला सकाळी ती मोरीच्या दाराशी बसली ती उठेचना. हाक मारली तर माझ्याकडे बघत होती, पण ओळखत नसल्यासारखी. दवाखान्यात नेलं. रक्तदाब दोनदा मोजला, इतका कमी आला की दोन्ही वेळा परिचारिकेला वाटलं यंत्र बिघडलंय. डॉक्टरीणबाई नवीन आहेत, तरुण आहेत. काय खाल्लं होतं म्हणून विचारत होत्या, आणि मला पोटाशिवाय दुसरं काही सांगता येईना.

सप्टेंबरचा रक्ताचा कागद हवा होता म्हणून मी घरी पळालो. तो तिच्या टेबलाच्या खणात मुद्रितांखाली सापडला. त्याच्यावरच तुझी दोन पत्रं होती. पहिलं फोडलेलं होतं, दुसरं बंद. मी ते तिथेच उभ्याने फोडलं. परवानगी घेतली नाही, त्याचा राग तिने माझ्यावर धरावा.

तुझा कागद मी बाईंच्या हातात दिला. त्यांनी तो चालता चालता वाचायला घेतला आणि मध्येच थांबल्या. मग परत आत जाऊन ताईचा खालचा ओठ ओढून पाहिला, मूठ उघडून तळहात दिव्याखाली धरला. रक्ताचा निकाल यायची वाटही न पाहता इंजेक्शन दिलं आणि सलाईन लावलं. मग मला विचारलं, "हे कुणी मोजलं?" मी म्हटलं, माझी मेहुणी, ती गाड्या रंगवते. त्या म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर मला काही करता आलं नसतं."

मूत्रपिंडांच्या वर दोन लहान ग्रंथी असतात म्हणे, त्यांनी कित्येक महिन्यांपासून काम टाकलं होतं. थकवा, मीठ, रंग, सगळं त्यातलंच. काल निकाल आला, तेच निघालं.

वीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय. दिवसाला अर्धा मिनिट मागे पडणारं घड्याळ मला नुसतं कानाला लावून कळतं. ही माझ्या शेजारी वर्षभर मागे पडत होती. आणि सप्टेंबरात तिच्याकडे त्या नजरेने बघणाऱ्यांत मीही होतो.

आईंना पोटाचं म्हणून सांगितलंय, बाकीचं तू ठरव. आमच्यावर आहे तसाच जीव राहू दे, एवढंच मागणं.

तुझे,
भाऊजी


२८ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद, बसूनच देतेय.

काल घरी आले. तू चार दिवस उशाशी बसलीस, दर तासाला रक्तदाबाचा आकडा वहीत उतरवलास आणि माझ्याशी मोजून दहा वाक्यं बोललीस. त्यातली सहा परिचारिकेसाठी होती. शेजारच्या खाटेवरच्या आजींनी मला विचारलं की ही मुलगी विमा कंपनीची का.

दुसरं पत्र मी का फोडलं नाही, हे तुला विचारायचं होतं आणि तू विचारलं नाहीस. त्यात काय असणार ते मला ठाऊक होतं. हिरड्या मी फेब्रुवारीतच पाहिल्या होत्या. दात घासताना दिसल्या, आणि दिवा बंद केला. वाटलं, हे कुणाला सांगितलं तर पुन्हा मनाला आराम द्या म्हणतील, किंवा तसं म्हणणार नाहीत. या दुसऱ्या शक्यतेचीच भीती जास्त होती. तेव्हा तुझी चूक वगैरे पुन्हा लिहू नकोस. बाटल्या तू पाठवल्यास, पण मागितल्या मी.

सदराला संपादकांनी मुदत वाढवून दिली. मजकूर असा गेला: फाउंडेशन स्वस्त आहे, चांगलं बसतं, शेड बाटलीवर छापल्याप्रमाणेच निघते. वर्षात तीनदा शेड बदलावी लागली तर कंपनीला पत्र लिहिण्याआधी स्वतःला दाखवून या. संपादक म्हणाले, हे परीक्षण आहे की आरोग्यसल्ला. मी म्हटलं, जे माझ्या चेहऱ्यावर दिसलं ते लिहिलं.

गोळ्या जन्मभर घ्यायच्या आहेत, एकही चुकवायची नाही, असं बाईंनी तिघांसमोर बजावलं. पण खरं सांगू का, आता इतकं बरं वाटतंय की एवढ्या गोळ्या कशाला, असं मनात येतं. बघू.

लोभ कमी झाला तरी चालेल म्हणाली होतीस. तेवढं एक मात्र तुझ्या यंत्राने चुकीचं दाखवलं.

तुझी,
ताई


२ एप्रिल

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं बाकीचं पत्र एकदाच वाचलं. "बघू" हा एकच शब्द चार वेळा वाचला. भाऊजींनाही कळवलं आहे. राग आला तरी चालेल.

सोबत चार लहान बाटल्या पाठवते आहे: १२०, १३०, १४०, १५०. झाकणावर आकडे लिहिले आहेत. दर महिन्याच्या दहा तारखेला सकाळी दहा वाजता, त्याच खिडकीपाशी, जबड्याच्या कडेला चारही रेघा शेजारी शेजारी ओढ. अर्धा तास थांब. जी रेघ दिसेनाशी होईल तिचा आकडा मला लिही. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, त्या म्हणाल्या की रंग उतरायला महिने लागतील, पण उतरेल. रक्ताच्या तपासण्या त्यांनी सांगितलेल्या दिवशी करायच्याच. हे त्यांच्याऐवजी नाही, माझ्यासाठी आहे.

मला या महिन्यात १५० अपेक्षित आहे, तेव्हा तो आकडा आला म्हणून निराश होऊ नकोस. पुढे तो कमी होत गेला पाहिजे. तू गोळ्या चुकवल्यास तर तो पुन्हा चढेल, आणि तू पत्रात कितीही विनोद केलेस तरी मला कळेल.

दवाखान्यात मी बोलले नाही, कारण तोंड उघडलं असतं तर आकडे लिहिता आले नसते.

१२० ची एक मोठी बाटली मी घेऊन ठेवली आहे. उघडलेली नाही. तिची मुदत पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत आहे.

माझ्यावर माया असेल तर ती गोळीच्या वेळेला आठव.

उत्तर पंधरा तारखेपर्यंत यावं. नुसता आकडा लिहिलास तरी चालेल.

तुझी,
धाकटी