दोन पानांत डोळा लागतो

उत्रोली, ता. भोर
रविवार, दुपार

तीर्थरूप अक्कास,

धाकट्या इंद्रजितचा वाकून नमस्कार. (वर ‘तीर्थरूप’ लिहून खाली अगं-तुगं करणार आहे, ते चालवून घे.) दाजींच्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा नमस्कार सांग, उजवा जास्त रागीट आहे म्हणतेस, तर त्याला आधी. इकडं सगळे खुशाल. भात पोटरीला आलंय, आणि तुझ्या भावजयीनं, म्हणजे आमच्या वर्षाराणीनं, तुझ्या वाटणीचा जुना इंद्रायणी डब्यात बांधून ठेवलाय. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण मी जरा रंगात आलो की तू “ठेवते रे, दूध उतू चाललंय” म्हणतेस. तुमच्याकडं दिवसातून किती वेळा दूध तापतं, देव जाणे. म्हणून पत्र.

तर अक्का, गेल्या महिन्यात मी लिहिणं सोडलं. आमच्या साप्ताहिकाचे संपादक म्हणाले, लोक आता अर्ध्या मिनिटाच्या पुढं काही बघत नाहीत, तुमचा विनोद तर दुसऱ्या परिच्छेदात सुरू होतो. खरं-खोटं करायला मी मोबाईल घेऊन बसलो. एक सिनेमा लावला. नायिका रुसेपर्यंत माझाच अंगठा पुढं सरकला. मग परदेशातला कुणी बुवा मळका गालिचा धूत होता, तो मात्र मी शेवटपर्यंत पाहिला. (स्वच्छ निघाला.) त्यानंतर वेल्ह्याकडच्या एका वाडीतली शेळी आली. ती वर्तमानपत्र खात होती. नीट बघतो तर आमचंच साप्ताहिक, पान तीन, कोपऱ्यात माझा फोटो! तीन लाख लोकांनी ती शेळी पाहिली होती. तिनं माझं सदर हुंगलं, बाजूला सारलं आणि शेजारची जाहीर नोटीस चवीनं खाल्ली.

मन खट्टू झालं की माणूस स्वतःचंच नाव शोधतो. माझ्या नावाचा एक बोअरवेलवाला आहे, त्याची लोकांनी भारी स्तुती केलीय. त्याच्या खाली आपलं पुस्तक, ‘खाचरातले बेडूक’. नऊ वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी अभिप्राय दिला होता. पाच तारे, आणि खाली: “पुस्तक गुणकारी आहे. दोन पानांत डोळा लागतो. मंडळींना आराम आहे. हनुमंत, विंझर, निवृत्त चालक, एस.टी.”

विनोदी पुस्तकाचा असा अपमान आजवर झाला नसेल. मी दुसऱ्या दिवशी सकाळी भोरहून गाडी धरली, नसरापूरला बदलली आणि जाब विचारायला विंझरला उतरलो. दुकानात विचारलं, तर “पुस्तकवाले डायवर व्हय? ते काय कौलारू घर” म्हणून बोट दाखवलं. म्हणजे गावभर कीर्ती होती.

हनुमंतराव सत्तरीचे, ताठ, अजून खाकी शर्ट घालणारे. मी नाव सांगितल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. “आवो, तुमीच? लई उपकार झाले बगा!” जाब माझ्या तोंडातच राहिला. आत खाटेवर त्यांची बायको अंबूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. चार महिन्यांपूर्वी त्यांची डावी बाजू गेली. बोलणं जड झालंय. पण खरं दुखणं वेगळंच. त्या झोपायलाच घाबरतात. “झोपले तर उठन का न्हाई,” असं त्यांच्या मनानं घेतलंय. गोळीही घेत नाहीत. हनुमंतरावांनी भजनं लावून पाहिली, मोबाईलवर सिनेमे दाखवले. त्या टक्क जाग्या. मग भोरच्या ग्रंथालयातून माझं पुस्तक आणलं, आणि दुसऱ्या पानावर बाईंचा डोळा लागला. तेव्हापासून रोज दुपारी जेवणानंतर तीच दोन पानं.

“रोज पहिल्यापासनंच?” मी विचारलं.

“मंग? गाडी डेपोतनंच सुटती,” ते म्हणाले.

आता लेखकच घरी आलाय म्हटल्यावर वाचायचं मला सांगितलं. अक्का, मी खोटं बोलत नाही, मी उठून उभा राहिलो आणि माझा सगळ्यात गाजलेला लेख (संमेलनात टाळ्या घेतलेला) हातवारे करून वाचला. अंबूबाई हसल्या नाहीत, झोपल्याही नाहीत. माझ्या हातांकडं बघत राहिल्या. हनुमंतराव कळवळून म्हणाले, “बसून वाचा हो सायेब. तिची झोप उडाली सगळी.”

मी बसलो. हाताला येईल ते पान उघडलं आणि कुणाला हसवायचं नाही अशा आवाजात वाचू लागलो. आपल्या अंगणात फोटोवाला आला होता, तो प्रसंग निघाला. मी तीन महिन्यांचा, आईच्या मांडीवर. आई जन्मात पहिल्यांदा फोटोला बसलेली. फोटोवाला म्हणतो, “हसा.” आणि आई विचारते, “कुणाला?”

खाटेवरून आवाज आला. मला वाटलं ठसका लागला. वर पाहिलं तर अंबूबाई हसत होत्या. अर्धाच चेहरा हलत होता, पण तेवढा पुरा हसत होता. उजव्या हातानं त्यांनी मांडीवर थाप मारली आणि अडखळत म्हणाल्या, “कु… कुणाला!” मग पुन्हा हसल्या. हनुमंतराव अंगणात गेले आणि घडी घातलेली ताडपत्री उलगडून परत घडी घालत बसले. मी वाचत राहिलो. पाचेक मिनिटांत बाई झोपल्या, हसू तसंच ठेवून.

येताना गाडीत माझं काही खरं नव्हतं. पुस्तकातलं ज्यावर माणूस हसलं ते एकच वाक्य, आणि ते माझं नाही. आईचं. मला तूच सांगितलेलं, भाकरी थापता थापता. मी फक्त वर नाव घातलं. आता दर शनिवारी विंझरला जाऊन वाचायचं कबूल केलंय, आणि लिहायलाही परत बसलोय. दाजींना जप. स्वतःलाही.

तुझा,
इंद्रजित

ता. क. दूध उतू जाऊ दे, पण हे आधी वाच. आईचं असं आणखी जे जे आठवेल ते लिहून पाठव. माझ्याजवळचं एकाच दुपारी संपलं.

ता. क. २. खरं विचारायचं होतं ते राहिलंच. जागं झाल्यावर अंबूबाईंनी मला थांबवून विचारलं, “मंग… हसली का आई?” मला सांगता येईना. फोटोत आईनं तोंडाला पदर लावलाय. तेव्हा तू सात वर्षांची, फोटोवाल्याच्या शेजारी उभी होतीस. पाहिलं असशील तर तूच. पदराआड आई हसत होती का गं? जे खरं असेल ते मला फोनवर सांग. पत्रात मात्र हसली म्हणूनच लिही. ते मी विंझरला वाचून दाखवणार आहे.