आमच्या गच्चीवरचं निरंक आभाळ

औरंगपुरा, औरंगाबाद
फाल्गुन शुद्ध अष्टमी, शुक्रवार

ति. सौ. अंबिकाताईस,

मीनाक्षीचा वाकून नमस्कार. नमस्कार वाकूनच केला आहे, कारण सध्या या घरात मला मान वर करायची बंदी आहे (मान वर केली की आभाळ दिसतं, आणि आभाळावरून काय रामायण झालं ते पुढं येईलच). तुम्ही सगळे लासूर स्टेशनला खुशाल असाल. भावोजींचा खोकला थांबला का? त्यांना नमस्कार सांग, पण हे पत्र वाचायला देऊ नकोस. ते हसतील, आणि यात हसण्यासारखं पुष्कळ असलं तरी या घटकेला कोणी हसलेलं मला सोसणार नाही. तुझी धाकटी आता चालायला लागली असेल. चालू दे, पण एवढ्यात तिला जिना चढायला शिकवू नकोस. जिना चढणाऱ्या मुलींचं पुढं काय होतं त्याचा ताजा अनुभव कळवते आहे.

बी.ए.ला मी भूगोल घेतला तेव्हा बाबा म्हणाले होते, घे, बिनघोर विषय आहे, नकाशे घरी बसून रंगवता येतात. त्यांना काय ठाऊक, आणि मला तरी काय ठाऊक, की शेवटच्या वर्षाला वसंत पंचमीच्या दिवशी आमचे सर फळ्यावर रकाने आखतील आणि सांगतील, उद्यापासून महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ आपापल्या गच्चीवर जा, हवामान बघा आणि शाईनं लिहा. ऊन किती, गारवा किती, वारा कुठून, ढग किती, दव पडलं का, आणि शेवटचा रकाना ‘विशेष घटना’, काही घडलं नसेल तर ‘निरंक’. खाडाखोड केली की वही बाद. वहीवर सरांची सही नसेल तर प्रात्यक्षिकाला बसता येत नाही, आणि प्रात्यक्षिक नाही तर पदवी नाही. एवढं लक्षात ठेव, बाकीचं सगळं विसरलीस तरी चालेल.

कॉलेजातून दोन तापमापक मिळाले. त्यातल्या एकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं असतं (हवेत ओल किती ते त्यावरून काढतात). आईनं ते पाहिलं आणि त्याला ताप चढला आहे का म्हणून विचारलं. पाऊस मोजायला मी डब्यावर नरसाळं बसवलं, तर रॉकेल ओतायला नरसाळं लागतं म्हणून ती ते रोज खाली नेई, त्यामुळं आमच्या गच्चीवरच्या पावसाला कायम रॉकेलचा वास येणार होता. वाऱ्याची दिशा कळायला बांबूला चिंधी बांधायची होती. तिचा रंग कोणता असावा यावर घरात दोन दिवस खल झाला, कारण या शहरात बांबूला कापड बांधणं हे वाऱ्याचं काम कधीच राहिलेलं नाही. शेवटी आईच्या जुन्या परकराचा वांगी रंग मंजूर झाला. तो अजून कुठल्याही पक्षानं घेतलेला नाही.

खरं सांगू का ताई, मला ते काम आवडायला लागलं. आजवर मी गच्चीवर गेले ती पापड राखायला आणि कपडे आणायला. नुसतं बघायला गच्चीवर जायचं, आणि त्याबद्दल कोणी काही म्हणायचं नाही, हे सुख मला नवीन होतं. सकाळी हात आखडायचे आणि दुपारी त्याच कठड्याला चटका बसायचा. शेजारच्या लिंबाची पानं एका आठवड्यात झडून गेली. सकाळचा पूर्वेचा वारा दुपार कलली की पश्चिमेकडून, म्हणजे तुमच्या लासूरकडून यायला लागला, आणि मी मनात म्हणायची, ताईकडचा आला. हे अर्थात वहीत लिहिलं नाही. ढगांचं मात्र मन लावून लिहायची. आभाळाचे मनानं आठ भाग करायचे आणि त्यातले किती झाकले ते मोजायचं. मी हात वर करून बोटांवर मोजत असे. तेच नडलं.

समोरच्या माडीवरच्या साळूबाई तुला आठवत असतील. त्यांची करमाडला चाळीस एकर जमीन आहे आणि इथं दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते पाहण्याखेरीज काम नाही. त्यांच्या माडीला लागून एक खोली आहे, तिथं करमाडचाच बन्सी नावाचा मुलगा शिकायला राहतो. तो सकाळी गच्चीवर दात घासतो. रोज आमच्याकडं पाठ करून घासतो, त्यामुळं त्याची पाठ मी हजारांत ओळखीन, तोंड दाखवलं तर ओळखायची नाही. साळूबाईंनी हे सगळं जुळवलं आणि भर दुपारी आईला येऊन सांगितलं, “वैनी, रागवू नका, पर पोरगी रोज बोटं दावती. एक दिस तीन, एक दिस पाच. आभाळाला कुणी बोटं दावतं व्हय? ते पोरगं समोरच ऱ्हातंय. म्या आपलं कानावर घातलं, मला काय त्याचं.” दुसऱ्या दिवशी ढग जास्त होते आणि मी सात बोटं दाखवली. तेव्हा तर गल्लीत नक्कीच झालं की सातला भेटायचं ठरलं आहे. (बन्सी बिचारा त्यानंतर गच्चीवर टॉवेलसुद्धा वाळत घालत नाही. दात कुठं घासतो, देव जाणे.)

मला वाटलं, बाबा चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं, आपणही चिडून बोललो असतो. पण बाबा निवृत्त झाले तरी त्यांची कचेरी निवृत्त झालेली नाही. त्यांनी मला समोर बसवून रीतसर तहकीकात केली. बोटं का, किती, कोणत्या दिशेला. मी आठ भागांचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं, मान डोलावली आणि निकाल दिला की माझी चूक काहीच नाही, सबब उद्यापासून गच्चीवर मी जायचं नाही. काम अडू नये म्हणून नोंदी ते स्वतः घेतील. मी खाली बसून, ते सांगतील तसं, माझ्या अक्षरात लिहायचं. चूक नसताना झालेली शिक्षा किती गोड भाषेत देता येते ते त्या दिवशी कळलं.

आता बाबांची नोंद म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको. निजामाच्या अमलात ते उमेदवार म्हणून चिकटले. पोलीस ॲक्शन झाली, हैदराबाद गेलं, मुंबई आली, मग महाराष्ट्र आला, पण बाबांचे रकाने तेच राहिले. साऱ्या तालुक्याचं पीकपाणी ते कचेरीत पंख्याखाली बसून लिहीत. शेतात काडी नसली तरी आणेवारी पन्नास पैशांच्या खाली येऊ द्यायची नाही, कारण खाली आली की दुष्काळ आला, दुष्काळ आला की वरून विचारणा आली. त्याच हातात आता औरंगपुऱ्याचं आभाळ आलं. रोज चढायचे मात्र, त्यात कसूर नाही. टोपी घालून जायचे, पाच मिनिटं उभे राहायचे, आणि खाली येऊन सांगायचे, कालच्याप्रमाणेच लिही. मी म्हणायची, बाबा, कालपेक्षा उकडतंय. ते म्हणायचे, उकडू दे, एकदम फरक दाखवला की खुलासा द्यावा लागतो. अशी आमच्या गच्चीवरची थंडी हळूहळू, नियमानुसार, कोणालाही त्रास न देता कमी होत गेली. वारा तर पूर्वेचा ठरला तो ठरला. चिंधी पश्चिमेचं सांगायची, पण चिंधीला कोण विचारतो?

महाशिवरात्र झाली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गारा पडल्या. तुमच्याकडं पडल्या का? इथं तर पत्र्यांवर कोणी खडीची गाडी ओतावी तशा कोसळल्या. बाबा तेव्हा नेमके वरच होते. खाली आले तेव्हा टोपीच्या घडीत दोन गारा होत्या. आईनं वाटीत घेतल्या, आम्ही दोघींनी एकेक तोंडात टाकली. दात अजून शिवशिवत होते आणि बाबा पंच्यानं डोकं पुसत मला सांगत होते, लिही, विशेष घटना, निरंक.

मी लेखणी खाली ठेवली. म्हटलं, बाबा, तुमच्या कपाळाला टेंगूळ आलं आहे. ते म्हणाले, टेंगूळ घरगुती बाब आहे. गार लिहिली की पंचनामा आला, पंच आले, सह्या आल्या. मी म्हटलं, ही कचेरी नाही, कॉलेज आहे, आणि गारा मी स्वतः पाहिल्या. त्यावर ते शांतपणे म्हणाले, तू कुठून पाहिल्यास? गच्चीवर होतीस का? नव्हतीस. मग नोंद कशी करतेस? ताई, ज्यांनी गच्ची बंद केली तेच विचारत होते, गच्चीवर होतीस का. मी मुकाट्यानं ‘निरंक’ लिहिलं. शाईनं, माझ्या अक्षरात. माझा इतका संताप झाला होता की अक्षर फार सुरेख आलं.

पुढचं थोडक्यात सांगते. सरांनी वह्या मागवल्या. वर्गातली बाकीची मुलं महिनाभर गच्चीकडं फिरकली नव्हती. त्यांनी शेवटच्या दिवशी वर्तमानपत्रं गोळा करून आकडे उतरवून घेतले, आणि वर्तमानपत्रात गारा ठळक छापल्या होत्या. सगळ्यांना सह्या मिळाल्या. माझी वही सरांनी वर्गासमोर उघडली. गारांनी त्यांच्या घराचे पत्रे फुटले आहेत, ते स्वतः पाच दिवस ताडपत्रीखाली झोपताहेत, आणि समोर माझं सुरेख ‘निरंक’. ते ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, बाई, तुम्ही घरात बसून वही भरलीत. हे इतकं खरं होतं की नाही कसं म्हणू? घरातच बसून भरली. सही मिळाली नाही. घरून खुलासा आला तर बघू, एवढं म्हणाले, तेही सोमवारपर्यंत.

त्यांना तिथंच सांगता आलं असतं की आकडे माझे नाहीत, माझ्या वडिलांचे आहेत. ओठावर आलं होतं. पण चाळीस मुलांसमोर बाबांचं, दत्तोपंतांचं नाव घेऊन ते खोटं लिहितात म्हणायचं, तर साळूबाईंनी माझं केलं तेच मी त्यांचं केल्यासारखं झालं असतं. मी खाली मान घालून घरी आले. बाबांना सही नाही मिळाली एवढं सांगितलं. ते म्हणाले, जे होतं ते बऱ्यासाठी. पुढच्या रविवारी पाहुणे यायचे आहेत (तुला कळलंच असेल). मुलगा बाबांच्याच जुन्या कचेरीत आहे, अक्षर चांगलं आहे म्हणतात. मुलगी कशी आहे असं त्यांनी विचारलं असेल तर बाबांनी काय कळवलं असेल ते मी सांगू शकते.

मला फार वाईट वाटतं ताई. पदवीचं वाटतं, पण त्याहून जास्त हे वाटतं की मी एक काम खरंखुरं मन लावून केलं, आणि साऱ्या वर्गात खोटी मीच ठरले. असो. आईचा आशीर्वाद. सगळ्यांना यथायोग्य सांगणे.

तुझी,
मीनाक्षी

ता. क. – साळूबाईंनी आज सकाळी खालून हाक मारून विचारलं, “पोरी, चार दिस आभाळ कसं ऱ्हाईल गं? कुरडया घालायच्या हायेत.” मी म्हटलं, मला काय विचारता, बन्सीला विचारा.

ता. क. दुसरा – मला पाडव्यापर्यंत तुझ्याकडं बोलावून घे. तब्येत बरी नाही असं बाबांना कळव. तुमच्या गच्चीसमोर रेल्वेचं मोकळं रान आहे. मी पुन्हा पहिल्यापासून नोंदी घेईन आणि सरांचे पाय धरीन.

ता. क. तिसरा – ताई, वरचं काही करू नकोस, आणि रागवूही नकोस. हे पत्र तुला पोचेल की नाही मला माहीत नाही, कारण ते तुला लिहिलेलंच नाही. आपल्या घरातून जाणारं प्रत्येक पत्र बाबा आधी वाचतात, मगच चिकटवतात. तुझ्या लग्नाआधीपासूनची रीत आहे. मी या वेळी तिचाच आधार घेतला.

बाबा, वर जे लिहिलं ते तुमच्या तोंडावर बोलायची माझी छाती झाली नसती. सोमवारी सकाळी सर त्यांच्या खोलीत असतात. मी कॉलेजच्या फाटकाशी उभी राहीन. तुम्ही आलात तर फार बोलायचं नाही, एवढंच सांगायचं की गच्चीवर मी नव्हते, तुम्ही होता, आणि गारा पडल्या. नाही आलात तर माझी काही तक्रार नाही. त्यानंतरच्या रविवारी मी पाहुण्यांसमोर येऊन बसेन, आणि त्यांनी विचारलं तर सांगेन की शिक्षण पुरं झालं.