निळ्या उजेडात लपलेलं टोक

मंगळवार, संध्याकाळ

आठवडाभर माझ्या मुलाचा, प्रसादचा, नवा निळा एलईडी दिवा घरातल्या खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीवर होता. आज तो न्यू टाउनला ऑफिसात गेल्यावर मी माझा जुना मेटल हॅलाइड दिवा चढवला. पांढरा उजेड पडला आणि टाकीतल्या जिवंत पोवळ्याचं एक टोक विटलेलं दिसलं. निळ्या उजेडात सगळं कसं झकास दिसत होतं!

प्रसाद आल्या आल्या चिडला. "बाबा, तुमच्या दिव्याने पाणी तापतं."

"तापू दे. तुझ्या दिव्याखाली आजारी माणूससुद्धा नवरदेव दिसेल."

सून हसली, तो नाही.

पाणी तापतं हे खरंच. गेल्या आठवड्यापर्यंत माझाच दिवा होता; टोक माझ्यामुळेच विटलं असेल का? असेल. पण विटलेलं टोक मला दिसलं पाहिजे. एलईडी माझ्या खाटेखाली आहे. येऊ दे मागायला.