अकरा नंबरची पाहुणी

सोमवार, ३ नोव्हेंबर

बेटा रिबेका, सलाम. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? मोहाचं तेल संपलं असेल तर कोनाड्यात मागे दुसरी बाटली आहे, ती काढ. स्टीफनचा खोकला उतरला का? पोल्ट्रीतून आला की नाकातोंडातली धूळ धू म्हणावं, बापाचं ऐकत नाही, बहिणीचं तरी ऐकेल. सुषमाला सातवा लागलाय, सून असली म्हणून काय झालं, तिला हंडा उचलू देऊ नको. आणि तू? तुझं ते अर्धं डोकं दुखणं? दवाखान्यात दाखव, आपल्या मनाने गोळ्या घेऊ नको. काळ्या शेळीचा पाय बसला असेल तर तेही कळव, तीही घरचीच.

मी सुखरूप पोचलो. शहाद्याला एसटीतून उतरलो तर एक माणूस माझं नाव लिहिलेला कागद धरून उभा. सत्तर वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी तो कागद मागून घेतला, वहीत ठेवलाय. लोणखेड्याच्या पुढे केळीच्या मळ्यात एक नवा बंगला आहे, तिथे मला आणलं. फाटकावर पीक पाहणी कार्यालय अशी पाटी. आत गेलो तर पीक कुठलं, नुसत्या वायरी. खोली मात्र झकास. पंखा, गादी, खिडकीतून हात घातला तर केळफूल हाती यावं.

स्वयंपाकाला रनाळ्याचा धुडकू नावाचा माणूस आहे. तोंडाने फटकळ, हाताने मायाळू. मला बघून म्हणाला, बाबा, या वयमा नोकरी लागनी? मी म्हटलं, लागली खरी, आता मुलगी बघा. तेव्हापासून भाकरीवर तूप जास्त येतं.

फोन फाटकावर जमा करून घेतला, काम संपल्यावर मिळेल. म्हणून रोज वहीत लिहीन. धुडकू बाजाराला निघाला की पानं फाडून त्याच्याकडे देईन, तो पोस्टात टाकेल.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

काम कळलं. इथले मुख्य म्हणजे हेमराज साहेब, इस्त्रीचा शर्ट, हळू बोलणारे. त्यांनी समोर बसवून सांगितलं. समुद्राकाठच्या एका शहरात वीस-बावीस देशांची बैठक चालू आहे, कारखान्यांच्या धुराच्या करारावर. त्यात थंड मुलखातला एक देश आहे, आपला जुना मित्र. त्या देशाकडून आलेल्या एक म्हाताऱ्या जाणकार बाई रोज संध्याकाळी सहाला खोलीतून आपल्या भावाला फोन करतात. कागदावर त्यांचं नाव नाही, पाहुणी क्रमांक अकरा एवढंच. दोघं भावंडं आपली भाषा सोडून भलत्याच बोलीत बोलतात. साहेबांच्या माणसांना आठ दिवस ती ओळखता आली नाही. ती निघाली आपली मावची.

मावची बोलणारे नवापुरात पैशाला पासरी, पण पोरांच्या बोलण्यात निम्मी गुजराती. जुने शब्द कळणारा आणि मराठी नीट लिहिणारा हवा होता. भाषेच्या पाहणीवाल्यांना मी गाणी लिहून दिली होती ना, तिथून माझं नाव निघालं. औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकलेला मी, बघ कुठे येऊन बसलो.

मी साहेबांना विचारलं, मित्र आहेत तर सरळ विचारून का घेत नाही. साहेब हसले. शत्रू काय करणार ते ठाऊक असतं बाबा, म्हणाले, झोप उडते ती मित्रामुळे. मग कानाला लावायचं यंत्र दाखवलं. तिकडचं इकडे येतं, इकडचं तिकडे जात नाही, इथे ढोल वाजवला तरी.

सहाला यंत्र लावलं आणि रिबेका, मी आवाज ओळखला. एलिन. मिशनच्या दवाखान्यातल्या गोऱ्या नर्सबाईंची पोर. मी, एलिन आणि तुझी आई मोहाची फुलं वेचायला बरोबर जायचो. मी चौदाचा होतो तेव्हा ती माणसं आगबोटीने आपल्या देशी परत गेली. छप्पन्न वर्षं झाली. आवाज जाड झालाय, पण हसण्याआधी नाकातून हुं करायची, ते तसंच आहे.

तिने भावाला एकेकाची खुशाली विचारली. वहिनी, दोन पोरगे, मोडक्या कमरेची शेजारीण, कुत्रा. मगच कामाचं बोलली. मी सगळं लिहिलं. साहेबांनी तीन पानं उलटली आणि विचारलं, या कुत्र्याचं मी काय करू. मी सांगितलं, आमच्यात खुशालीशिवाय बोलणं सुरू होत नाही. आणि कोणी विचारली तर उत्तर न देणं म्हणजे आलेल्याला दारातून हाकलणं.

हे साहेबांना सांगितलं नाही की मी तिला ओळखतो. का नाही सांगितलं, कोण जाणे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

काल एलिन भावाला म्हणाली, बैठकीत आम्ही धूर कमी करायला दहा वर्षांची मुदत मागतोय, पण पाच दिली तरी सही करू. पाच लिहिताना माझा हात अडला होता. मग लिहिलं. कामच ते.

आज त्यांच्यापुढे बरोबर पाच वर्षं ठेवली, वर एक दिवस नाही. साहेबांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. धुडकूकडून पेढे आले. खाल्ले. गोड लागले, तुझ्याशी खोटं कशाला बोलू.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

एलिन रडली. पाचाचा आकडा त्यांच्यातल्या चारच माणसांना माहीत होता. तिची पेटी उलटीपालटी करून बघितली, तुझं तोंड कोणापाशी सुटलं म्हणून तिच्याच माणसांनी तिला सकाळपासून बसवून ठेवलं. चाळीस वर्षं ज्यांच्यासाठी झिजले ते माझ्याकडे बघत नाहीत, म्हणाली. भावाने विचारलं, कोणी ऐकत तर नसेल? ती म्हणाली, मावची कोण ऐकणार. ऐकणारा असला तर आपल्याच डोंगरातला असेल, आणि आपला माणूस असं करणार नाही.

हे वाक्य मी लिहिलं नाही. पहिल्यांदाच काहीतरी गाळलं.

धुडकूने विचारलं, बाबा, जेवी का नही ऱ्हायनात? पोट बिघडलंय म्हटलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

साहेब कालपासून बाहेरगावी. सहा वाजता सवयीने यंत्र लावलं. फोनची घंटा नाही, भाऊ नाही. नुसती एलिन, अगदी जवळून.

"ऐकणाऱ्या, बरा आहेस का?"

काय करायला हवं होतं मी? इकडचं तिकडे जात नाही हे पक्कं ठाऊक होतं. पण माणूस खुशाली विचारतो आणि आपण दगडासारखं बसायचं? तोंडातून निघून गेलं, बरा आहे बाई.

मग नाकातलं ते हुं.

"दावीद. बुधी कशी आहे?"

माझे डोळे भरून आले. सांगितलं, गुडघे धरलेत, बाकी बरी आहे, गळा अजून तसाच गोड आहे. मला माफी मागायची होती. पाच म्हणून तोंड उघडलं तर ती म्हणाली, राहू दे. छातीवरची शिळा उतरली. हे सगळं पानावर लिहून ठेवलंय, साहेब रागावले तर रागावोत.

आईला सांग, एलिनने तिची आठवण काढली.

सोमवार, १० नोव्हेंबर

आज तिने स्टीफनचं विचारलं. मी सांगितलं, खोकला आहे, पण पोरगा कष्टाळू आहे, बरा आहे. बोलणं संपलं, यंत्र काढलं, पाणी प्यायलो आणि मग डोक्यात आलं. ती गेल्यावर अठरा वर्षांनी स्टीफन जन्मला. तिला नाव कुणी सांगितलं?

साहेबांच्या कागदांत असेल. पण ते कागद तिच्यापर्यंत कसे जातील?

तुझं पत्र अजून नाही. धुडकू काल सुट्टीवर होता. फाटकावरच्या माणसाशी त्याचं जमतं, उद्या तिथून घरी फोन लाव म्हटलंय.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

साहेब सकाळी आले. मी शनिवारची आणि कालची पानं पुढे केली. ते वाचता वाचता खुर्चीतून उठले.

अकरा नंबरची पाहुणी शुक्रवारी गेली. भावाचा फोन ठेवला आणि गॅलरीतून खाली. सातवा मजला. तिच्या खोलीला कुलूप आहे. साहेबांनी यंत्राची वायर हाताने ओढत नेऊन दाखवली. दुसरं टोक त्यांच्या माणसांनी शनिवारी दुपारीच काढलेलं, भिंतीशी जमिनीवर पडलं होतं.

मी लिहिलेल्या पाचाने ती गेली. हे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर मला वेगळं सांगता येणार नाही.

दुपारी धुडकू आला, दारातच उभा राहिला. फोन सुषमाने उचलला होता. आईची वाचा शनिवारी संध्याकाळी गेली. भाकरी थापता थापता, सहानंतर. ओठ हलतात, आवाज नाही. काल संध्याकाळी स्टीफनची गेली. तू दोघांना घेऊन दवाखान्यात आहेस.

मी दोघांचंच सांगितलं होतं, रिबेका. बरी आहे, बरा आहे. दोघांचंच.

धुडकू म्हणाला, "बाबा, तुम्ही घर निंघी जा."

बुधवार, १२ नोव्हेंबर

सकाळी पिशवी भरली. फाटकाला कुलूप. साहेबांकडे गेलो, पाया पडलो म्हण. त्यांनी यंत्र स्वतःच्या कानाला लावलं. त्यांना काही आलं नाही. माझ्या कानाला लावलं, मला तिचा श्वास आला. माझ्या तोंडावरून त्यांना कळलं.

वाटलं, आता हा माणूस घाबरेल. घाबरला नाही. वही उघडून पेन माझ्या हातात दिलं.

"बोलतेय ना अजून? मग बाकीच्या पाहुण्यांचं विचारा. तिला आता भिंती आड येत नाहीत."

पुढच्या महिन्यात दुसरी बैठक आहे म्हणे. तोवर मी इथेच.

दार बाहेरून लावलं. विचारलं नाही मी तिला. काहीच बोललो नाही. दिवसभर खिडकीशी —

गुरुवार, १३ नोव्हेंबर

सहाला एलिन नव्हती. तुझी आई होती.

तिचाच आवाज. जेवलास का, म्हणाली. पंचेचाळीस वर्षं रोज विचारते. उत्तर द्यायचं नाही — बुधीला — पंचा तोंडात कोंबला. मागे स्टीफन खोकला. ती धूळ अजून बसलेलीच —

मग एलिन. हळू.

"रिबेका कशी आहे?"

राग नाही त्या आवाजात. राग असता तर बरं. प्रेमाने विचारते, उत्तर मिळेपर्यंत थांबते. परत विचारलं. परत. साहेब दाराबाहेरून म्हणाले, बोला, तुटू देऊ नका —

नाही बोललो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

यंत्र फोडलं. खुर्चीने. तरी येतंय. सहा वाजलेही नाहीत —

धुडकू खिडकीखाली उभा आहे. हे एक पान तो घेईल, स्वतः नवापूरला नेईल, म्हणाला.

बेटा, नीट वाच. कोणी खुशाली विचारली तर उत्तर देऊ नको. कुणाचंही बरं आहे म्हणू नको. सुषमाला सांग. ओळखीच्या आवाजात विचारली तरी. माझ्या आवाजात विचारली तर मुळीच —

आता तिघं विचारतात. एकदम. तुझंच. बुधी रडून विचारते —

पंचा पडला. उचलला. मध्ये काही निघालं का तोंडातून — "बरी" एवढं — नाही. निघालं नसावं. घसा आपला आपणच —

तू बोलू शकतेस ना? बोलून बघू नको. लिही. एकच ओळ, धुडकूच्या हाती दे, तो थांबेल. लवकर लिही बेटा, आजच लिही, मला फक्त कळू दे की तू ब