स्वेटरवरचा पिवळा भुसा

डेस,

सूप गरम करून घे. मी बहिणीकडे चाललेय.

नवी चेनसॉ आणलीस तेव्हा म्हणालास, "महाग आहे, पण वसूल होईल बघ." आपल्या शेगडीपुरतं निलगिरीचं सरपण तर जुनीवरही निघत होतं. मग वसूल कशातून होणार, ते काही सांगेनास.

आज तुझा स्वेटर धुवायला घेतला. त्यावरचा भुसा पिवळाधमक, वास गोड. निलगिरीला असा वास येत नाही, ह्यूऑन पाइनला येतो. हजार वर्षांची ती झाडं तोडायला बंदी आहे, हे मी तुला सांगायला नको.

चेनसॉची साखळी काढून नेतेय. स्वेटरही नेतेय, न धुता. बहिणीचा नवरा जंगल खात्यातून संध्याकाळी घरी येतो. तू त्याच्या आधी तिथे ये.

नोरीन